आरोग्याचे उत्तर आणि करुणेचे उत्तर

घरातील तरुण मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला, की निघण्यापूर्वी कधीतरी तो विचारतोच, "मांसाहार का करायचा नाही?" अलीकडे आपल्यापैकी पुष्कळ जण त्याला सांगतात, "प्रकृतीला बाधक असतो म्हणून." हे उत्तर सोयीचे आहे. विज्ञानाचा आधार असल्यासारखे वाटते आणि मुलालाही ते चारचौघांत सांगताना संकोच होत नाही. परंतु हे उत्तर आपल्या घरचे नव्हे. ते ज्यांच्या घरचे आहे, त्या अमेरिकेतील एका ख्रिस्ती पंथाने त्याची दीडशे वर्षे निष्ठेने जोपासना केली आणि पुढे ते शास्त्रज्ञांच्या हाती तपासावयासही दिले. त्या तपासणीचा निष्कर्ष श्रावकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

हा पंथ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या नावाने ओळखला जातो. ॲडव्हेंट म्हणजे आगमन. विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांच्या गणितानुसार २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्ताचे पुनरागमन व्हावयाचे होते. सहस्रावधी लोक वाट पाहत राहिले. दिवस मावळला, काहीही घडले नाही. त्या निराशेतून जे थोडे लोक श्रद्धा टिकवून राहिले, त्यांत एलन हार्मन ही सतरा वर्षांची मुलगी होती. लहानपणी शाळेच्या वाटेवर कोणी मारलेला दगड तोंडावर लागून तिचे शिक्षण जवळजवळ थांबले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला पहिला दृष्टान्त झाला. विवाहानंतर एलन व्हाइट झालेल्या या स्त्रीने १९१५ साली देह ठेवीपर्यंत अविरत लेखन केले. तिच्या लेखनात भविष्यवाणीचे सामर्थ्य आहे, अशी पंथाची श्रद्धा आहे. मात्र बायबलचे स्थान त्याहून वरचे, हेही ते आवर्जून सांगतात.

मे १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना झाली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत सर्व व्यवहार बंद, हा त्यांचा कडक नियम. शनिवारचा गल्ला दर आठवड्याला सोडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

पुढच्याच महिन्यात ऑट्सेगो या गावी एलनबाईंना आरोग्यविषयक दृष्टान्त झाला. तंबाखू, मद्य, चहा, कॉफी वर्ज्य. मांस सोडणे उत्तम. धान्य, फळे, भाज्या व कवचीची फळे हा माणसाचा खरा आहार. शुद्ध हवा, पाणी, सूर्यप्रकाश, श्रम आणि विश्रांती हीच औषधे, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा पुढे तयार झाला. दिवसातून दोनदाच जेवावे आणि रात्री पोट जड करून निजू नये, असेही त्या सांगत. आपल्या रात्रिभोजन-त्यागाची आठवण व्हावी इतके हे जवळचे आहे. कारण मात्र निराळे. शरीर हे ईश्वराचे मंदिर, ते मलिन झाले तर बुद्धीही मंदावते, हा त्यांचा विचार. सूक्ष्म जीवांचा प्रश्न त्यात नाही. म्हणून बटाटा, कांदा, गाजर त्यांच्या ताटात निर्वेध येतात.

टीकाकार म्हणतात की यातील बराच भाग सिल्व्हेस्टर ग्रॅहम आणि जलोपचार करणारे डॉक्टर आधीच सांगत होते. एलनबाईंच्या ग्रंथांत इतरांच्या पुस्तकांतून मजकूर उचलला आहे, असा आरोप पंथातीलच वॉल्टर रे यांनी १९८२ साली पुस्तक लिहून केला. हा वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. प्रस्तुत लेखकाला त्याहून लक्षणीय वाटते ती दुसरीच गोष्ट.

दृष्टान्तानंतर सुमारे तीस वर्षे एलनबाईंच्या स्वतःच्या ताटातून मांस पूर्णपणे गेलेले नव्हते. प्रवासात, आजारपणात, अडचणीच्या वेळी ते येत असे. आरोग्याच्या युक्तिवादाला अशी सवलत सहज देता येते. थोडेसे चालते, असे म्हणता येते. ते कायमचे सुटले १८९४ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या ब्रायटन येथील शिबिरानंतर. एका रोमन कॅथलिक स्त्रीने गुडघे टेकून त्यांना विनविले होते, की केवळ जिभेच्या चोचल्यासाठी प्राण्यांचे जीव घेणे किती स्वार्थीपणाचे आहे! ते ऐकून आपल्याला लाज वाटली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १९०५ च्या 'द मिनिस्ट्री ऑफ हीलिंग' या ग्रंथात प्राण्यांची माया, भय आणि वेदना यांविषयी त्यांनी कळवळून लिहिले. तीस वर्षांच्या पथ्यविचाराने जे साधले नव्हते, ते जीवदयेच्या एका विनवणीने साधले.

दरम्यान बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी रुग्णांसाठी धान्याचे पोहे करविले. धाकटे बंधू विल यांनी त्यात साखर घालून १९०६ साली कारखाना काढला. दोघा भावांचे बिनसले ते कायमचेच.

आता तपासणीकडे वळू. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे पंथाचे विद्यापीठ आहे. तेथील संशोधक १९५८ पासून आपल्याच अनुयायांच्या आहाराचा व आयुर्मानाचा अभ्यास करीत आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॅलिफोर्नियातील ॲडव्हेंटिस्ट पुरुष इतर रहिवाशांपेक्षा सुमारे सात वर्षे आणि स्त्रिया सुमारे साडेचार वर्षे अधिक जगतात. मात्र याचे श्रेय एकट्या शाकाहाराचे नाही. तंबाखूत्याग, नियमित व्यायाम आणि शेंगा-बदाम-अक्रोडांचे सेवनही त्यात आहे. दिवसभर गादीवर बसून फरसाण, मैदा आणि मिठाई यांवर राहणारा शाकाहारी या हिशेबात बसत नाही.

२०१३ साली त्र्याहत्तर हजारांहून अधिक ॲडव्हेंटिस्टांची पाहणी प्रसिद्ध झाली. शाकाहारी गटांतील मृत्युदर मांसाहाऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. हे वाचून आपल्याला आनंद होतो. पण आकडे पुढे वाचावेत. त्या 'शाकाहारी' गटांत मासे खाणारा एक गटही धरलेला होता, आणि सर्वांत कमी मृत्युदर त्याच गटाचा निघाला. गटागटांतील अंतर फार नव्हते, हे खरे. तरीही केवळ प्रकृतीच्या आधारावर मुलाला उत्तर दिले असेल, तर हा आकडा घेऊन तो परत आल्यावर आपण काय सांगणार?

पुण्यात ही मंडळी आपल्याला अपरिचित नाहीत. औंध रस्त्यावरील स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. सॅलिसबरी पार्कात, मार्केट यार्डापासून जवळच, त्यांची ओरिएंटल वॉचमन ही प्रकाशनसंस्था आहे. 'हेराल्ड ऑफ हेल्थ' हे तिचे आरोग्यविषयक मासिक. त्यांच्याशी बोलताना एक फरक ध्यानात ठेवावा. मद्य व तंबाखू सोडणे ही त्यांच्याकडे सदस्यत्वाची अट आहे, मांसत्याग ही अट कधीच नव्हती. ती करू नये, असे एलनबाईंचेच मत होते. वरील पाहणीतील जवळजवळ निम्मे लोक मांसाहारी होते, आणि तेही तितक्याच निष्ठेने शनिवार पाळणारे.