शिष्यवृत्तीतले साठ आणि चाळीस

आपल्या घरातली मुलगी दहावी पास झाली की पेढे वाटायच्या आधीच एक प्रश्न दारात उभा राहतो. पुढच्या फीचे काय? मग चाळीतले कोणीतरी जाणते माणूस सांगते, "अहो, जी. ओ. आय. भरा की!" जी. ओ. आय. म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. नाव भारत सरकारचे असले तरी ते पैसे एकट्या भारत सरकारचे नसतात. दिल्ली आणि मुंबई अशा दोन सरकारांच्या भागीदारीतून ते येतात. ही भागीदारी कशी चालते हे आपल्या आयाबायांना आणि बापमाणसांना कोणी समजावून सांगत नाही, आणि ठेच मात्र त्यांनाच लागते.

या योजनेचे मूळ बाबासाहेबांच्या कामात आहे. 1942 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला पाहिजे, ही त्यातली एक ठळक मागणी होती. 1944 साली ही शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती राज्यांच्या हातून वाटली जाऊ लागली आणि खर्च कोणी किती उचलायचा हा हिशेब सुरू झाला.

तो हिशेब अनेक वर्षे 'बांधील खर्चा'च्या पद्धतीने चालला. घरातले उदाहरण घेऊ. दोन भाऊ मिळून घर चालवतात. थोरला म्हणतो, "गेल्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढा दरवर्षी तू कर. त्यावर जे वाढेल ते मी देतो." ऐकायला बरे वाटते. पण पाच वर्षांनी थोरला पुन्हा म्हणतो, "आता या वर्षीचा जो खर्च आहे तो सगळा तुझा. यापुढे वाढेल ते माझे." केंद्र आणि राज्ये यांच्यात हेच ठरले होते. समजा, एखाद्या राज्याचा खर्च 2006-07 साली, म्हणजे दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी, शंभर रुपये होता. तर अकराव्या योजनेत ते शंभर दरवर्षी राज्याने द्यायचे आणि वरची वाढ केंद्राने. 2011-12 साली खर्च दोनशेवर गेला, की बाराव्या योजनेत दोनशे राज्याच्या गळ्यात.

यातली मेख पाहा. ज्या राज्यात आपली जास्त मुले कॉलेजात गेली, त्या राज्यावरच बोजा वाढत गेला. मुले शिकली म्हणून भागीदार अडचणीत! आणि अडचणीतला भागीदार काय करतो? बिले लांबवतो. 2017-18 ते 2019-20 या तीन वर्षांत केंद्राचा वाटा सगळ्या देशासाठी मिळून वर्षाला सुमारे 1,100 कोटी रुपये इतकाच होता.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा करार बदलला. आता केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस टक्के (ईशान्येकडील राज्यांसाठी नव्वद-दहा). 2025-26 पर्यंतच्या काळासाठी एकूण 59,048 कोटी रुपये मंजूर झाले. त्यात केंद्राचे 35,534 कोटी. हा बदल चांगलाच होता, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण सोबत दोन अटी आल्या आणि आपल्या घराशी त्यांचाच जास्त संबंध आहे.

पहिली अट अशी की राज्याने आपला चाळीस टक्के वाटा दिल्याची खात्री झाल्यावरच केंद्र साठ टक्के सोडणार. म्हणजे पन्नास हजार रुपये फी असेल तर राज्याचे वीस हजार आधी आणि केंद्राचे तीस हजार नंतर. राज्य अडले की दोन्ही अडले. दुसरी अट, केंद्राचा वाटा 2021-22 पासून थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येणार आणि त्यातली फी विद्यार्थ्याने स्वतः कॉलेजात भरायची.

थेट खात्यात पैसे, म्हणजे मधले हात कमी झाले. खरे आहे. पण हातावर पोट असलेल्या घरात पोरीच्या खात्यात एकदम तीस हजार आले, आणि त्याच आठवड्यात बापाला दवाखान्यात न्यावे लागले, तर? ते पैसे आपले नाहीत, कॉलेजचे आहेत, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे. खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसे वाटेतच अडकतात, तेही पाहून घ्यावे.

2021 च्या नियमावलीत 'फ्रीशिप कार्डा'ची सोय आहे. पात्र मुलाला आधी फी न भरता प्रवेश मिळावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर त्याने ती कॉलेजला द्यावी, असा तिचा अर्थ. प्रवेशाच्या वेळी हे आवर्जून विचारावे.

कराराला मर्यादाही आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही शिष्यवृत्ती नाही. एजंट काहीही सांगो, आधी जागा कोणत्या कोट्यातली हे विचारा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. ती 2013 साली ठरली आणि 2021 च्या नियमावलीतही तशीच राहिली. महिन्याला एकवीस हजार मिळवणारा बाप त्या रेषेच्या बाहेर! आपल्या राज्यात अशा घरासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे, पण ती राज्याची स्वतःची योजना, आणि तिच्यात निर्वाह भत्ता नाही. तो भत्ता तरी किती? 2021 च्या दराने अकरावी-बारावीला घरून जाणाऱ्या मुलाला वर्षाचे 2,500 रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला 4,000. वर्षाचे, बरे का!

करारात आपले नाव असणे किती मोलाचे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. 1956 नंतर बौद्ध झालेले लोक केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्राने 1 मे 1960 पासून राज्याच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या यादीत येण्यासाठी मात्र 1990 साल उजाडावे लागले.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या खिडकीपाशी धुणीभांडी करणाऱ्या एक वहिनी भेटल्या. मुलीचे डिप्लोमाचे शेवटचे वर्ष. कारकून म्हणत होता, "पूर्ण फी भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही." राज्याचा हप्ता आला होता, केंद्राचा नव्हता. वहिनींना साठ-चाळीस ठाऊक नव्हते. पण त्यांनी पदराच्या गाठीतून पासबुक काढले आणि पहिला हप्ता ज्या दिवशी आला त्याच दिवशी कॉलेजात भरल्याची पावती पुढे ठेवली. कारकुनाने ती दोनदा उलटून पाहिली. मग उरलेल्या रकमेचे हमीपत्र लिहून घेतले आणि हॉल तिकीट खिडकीतून बाहेर दिले.