फळीचे लिटर आणि लाटेचा उतार

भाईंदर पूर्वेचा इंद्रलोक परिसर नकाशावर समुद्राजवळ दिसत असला, तरी त्याचा शेजार लाटांचा नाही. उत्तरेला मिठागरे, तिवरे आणि वसईची खाडी, तर खुला अरबी समुद्र गाठायचा झाल्यास रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला उत्तनपर्यंत जावे लागते. उत्तनला पोहोचल्यावरही हाती येतात ते ओहोटीला उघडे पडणारे खडक, कोळ्यांच्या नांगरलेल्या होड्या आणि गढूळ, बुटक्या लाटा. अशा वस्तीत राहणाऱ्या आणि गोव्याच्या दोन-चार फेऱ्यांत लाटेवर उभे राहायला शिकलेल्या माणसाने स्वतःसाठी एकच सर्फबोर्ड घ्यायचा ठरवले, तर तो कोणता असावा, या प्रश्नाचा मोठा भाग भौतिकशास्त्राचा आहे आणि त्याच्या उत्तराची सुरुवात समुद्राच्या तळापासून करावी लागते.

किनाऱ्यालगत समुद्राखाली पसरलेल्या उथळ जमिनीला भूगोलात भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर तिची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ ‘लागतो’, म्हणजे तळाशी होणाऱ्या घर्षणात तिची ऊर्जा खर्च होऊ लागते. एका लाटेचा माथा गेल्यापासून दुसऱ्या लाटेचा माथा येईपर्यंतचा काळ म्हणजे आवर्तकाल. खोल समुद्रात १४ सेकंद आवर्तकालाच्या लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर भरते, तर ७ सेकंदांच्या लाटेची जेमतेम ७५ मीटर. पहिलीला दीडशे मीटर खोलीपासूनच तळ जाणवतो, दुसरीला चाळीस मीटरांच्या आत आल्यावर. परिणामी दक्षिण महासागरातील वादळांतून निघून हजारो किलोमीटर कापत आलेली लांबलचक लाट मुंबईपुढच्या या उथळ पठारावर दमून जाते, आणि सर्फिंगला खरी ताकद पुरवणारी लाट नेमकी तीच असते, कारण सारख्याच उंचीच्या दोन लाटांपैकी दुप्पट आवर्तकालाची लाट किनाऱ्याच्या दर मीटरला जवळपास दुप्पट शक्ती आणून देते.

भरती-ओहोटीचाही येथे अडथळा होतो. उधाणाच्या दिवसांत मुंबई परिसरात भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत पाच मीटरांच्या आसपास फरक पडतो. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असा धरला, तर चार मीटरांच्या चढ-उतारात लाट फुटण्याची जागा सहा तासांत दोनशे मीटर सरकते, आणि एका जागी टिकून लाटेला आकार देणारा वाळूचा दांडा तयार व्हायला उसंत मिळत नाही. गोव्यात हाच फरक दोन मीटरांच्या घरात असतो. म्हणूनच मराठी मुलखातल्या बहुतेकांची पहिली सर्फिंगशाळा उत्तन किंवा गोराईला न भरता पेडणे तालुक्यातील मांद्रे, अश्वे आणि मोरजीच्या वाळूवर भरते. इंद्रलोकच्या रहिवाशाने बोर्ड निवडताना लक्षात घ्यायची लाट ही तिकडची आहे.

ती लाट कशी असते, याचे बरेचसे उत्तर गोव्यातच मिळाले आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या ‘शमाल’ लाटांचा माग काढला. शमाल हा अरबी द्वीपकल्पाकडून वाहणारा वायव्येचा वारा. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याशी पोहोचतात तेव्हा त्यांचा आवर्तकाल ६ ते ८ सेकंदांच्या आसपास असतो. त्यांच्या जोडीला नैर्ऋत्येकडून येणारी लांब पण बुटकी लाट असते आणि दुपारनंतर खारा वारा सुटला की पृष्ठभागावर आखूड, विस्कळीत लाटांची भर पडते. पावसाळ्यात समुद्र मोठा होतो खरा, पण तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यांवर पाण्यात उतरण्यास मनाई असते. मधल्या टप्प्यावरच्या सर्फरने त्या लाटांसाठी बोर्ड निवडण्याचे कारण नाही. थोडक्यात, ऑक्टोबर ते मे या काळात त्याच्या वाट्याला येणारी लाट गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच, कमी आवर्तकालाची आणि सपाट वाळूवर माथ्याकडून हळूहळू फेसाळत फुटणारी असते. लाट फुटण्याची ही तऱ्हा योगायोगाची नसते. स्पेनचे अभियंते रामोन इरिबारेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणोत्तरात किनाऱ्याचा उतार आणि लाटेचा चढ यांची तुलना केली जाते; उतार सौम्य आणि लाट आखूड असेल, तर ती पोकळ नळीसारखी कोसळत नाही, ओघळते.

मधल्या टप्प्यावरचा सर्फर म्हणजे फुटलेल्या फेसावर उभे राहण्याची पायरी ओलांडून न फुटलेली लाट स्वतः हात मारून पकडणारा, तिच्या उतारावर तिरका जाऊ शकणारा, परंतु वळण घेताना अजून दहापैकी सहा वेळा चुकणारा माणूस. या टप्प्यावर नेमकी एक चूक सर्रास होते: चित्रफितींमध्ये दिसणारा सहा फुटी, टोकदार, बोटांवर पेलता येईल असा हलका बोर्ड घेतला जातो, आणि पुढची दोन वर्षे लाटा पायांखालून निघून जातात. त्याचे कारण समजण्यासाठी आर्किमिडीजपर्यंत मागे जावे लागते.

बोर्डावर, मधोमध बसवलेल्या लाकडी पट्टीजवळ, बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने पेन्सिलीने लिहिलेली मापे असतात: लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी लिटर. अनेकजण पहिल्या तीन आकड्यांवर घासाघीस करतात. खरी चौकशी शेवटच्या आकड्याची करायला हवी. ४० लिटरांचा बोर्ड पूर्ण बुडाला तर ४१ किलो समुद्राचे पाणी बाजूला सारतो, कारण एक लिटर खारे पाणी एक किलोहून किंचित जड असते. त्यातून बोर्डाचे स्वतःचे साडेतीन किलो वजा केले की उरते साडेसदतीस किलोंची उचल. मग ७० किलोंचा माणूस त्यावर तरंगतो कसा? मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने पाण्यात बुडालेला भाग स्वतःला सांभाळतो. बोर्डाला उचलावे लागते ते पाण्याबाहेर आलेल्या भागाचे वजन. पोटावर झोपलेला सर्फर म्हणूनच अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर राहतो. त्याच बोर्डावर तो थांबलेल्या पाण्यात सरळ उभा राहिला, तर कमरेपर्यंत बुडेल.

लाटेवर तो बुडत नाही, याचे श्रेय वेगाला जाते. पाण्यावर तिरप्या धरलेल्या सपाट फळीखाली पाणी दाबले जाऊन वरच्या दिशेने बल मिळते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. या अवस्थेला पाण्यावर घसरणे म्हणता येईल, आणि सपाट दगड तळ्याच्या पाण्यावरून टप्पे खात जातो त्यामागेही हेच तत्त्व असते. सगळी अडचण तरंगणे आणि घसरणे यांच्यामधल्या दोन-तीन सेकंदांत असते. एक मीटर उंचीची लाट साधारण एक मीटर तीस सेंटिमीटर खोलीत फुटते आणि त्या वेळी तिचा वेग सेकंदाला साडेतीन ते पावणेपाच मीटर भरतो. हातांनी वल्हवणारा सर्फर सेकंदाला दीड मीटरच्या पुढे फारसा जात नाही. मधली तूट लाटेच्या उतारावरून खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण भरून काढते. लाट उभी असेल तर ती ओढ जोरदार असते, म्हणून तेथे आखूड बोर्डही चालतो. ओघळणाऱ्या लाटेचा उतार फुटेपर्यंत सौम्यच राहतो, तेव्हा तूट भरायला लांब, सपाट, पाण्यावर उंच तरंगणारी आणि हात थांबला तरी पुढे सरकत राहणारी फळीच लागते. गोव्याच्या लाटेसाठी सर्वांगीण बोर्ड म्हणजे सगळ्या बोर्डांची सरासरी असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते. जो लाटेत लवकर शिरतो आणि नंतर वळायलाही नकार देत नाही, तोच येथे सर्वांगीण.

लिटरांचा हिशेब शरीराच्या वजनाशी लावण्याची पद्धत रूढ आहे. निष्णात सर्फर दर किलोमागे एक तृतीयांश लिटरांच्या थोडे वर भागवतो, मधल्या टप्प्यावरच्याला साधारणपणे ०.४५ ते ०.५५ लिटर सुचवले जातात, आणि मऊ लाटांसाठी ०.६० ते ०.६५ पर्यंत जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सत्तर किलोंच्या माणसासाठी हा आकडा ४२ ते ४५ लिटरांवर येतो. लांबीत सांगायचे तर ७ फूट ते ७ फूट ६ इंच, रुंदी २१ ते २१.५ इंच आणि जाडी पावणेतीन इंचांच्या आत-बाहेर. शिकाऊंचा ८ फुटी फोमचा बोर्ड ऐंशी लिटरांच्या आसपास असतो. त्यावरून थेट तीस लिटरांवर उडी मारणाऱ्याची गत सायकलची चाके काढून घेतल्यासारखी होते.

तरीही लिटर सारखे असून दोन बोर्ड वेगळे वागतात, कारण जाडी कोठे ठेवली आहे याला महत्त्व असते. छातीखाली, म्हणजे मध्यापेक्षा जरा पुढे जाडी असेल तर हात मारणे सुकर होते. कडांमध्ये जाडी भरली असेल तर बोर्ड कुशीवर कलत नाही. बोर्डाची कड, जिला सर्फर ‘रेल’ म्हणतात, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा: पुढे आणि मध्ये ती गुबगुबीत गोल लागावी, शेपटीकडच्या शेवटच्या हातभर लांबीत तळाला टोकदार धार यावी. पाणी गोल कडेला चिकटून वर वळते आणि बोर्ड लाटेत धरून ठेवते. धारेवरून ते सुटून जाते, आणि सुटलेले पाणी म्हणजे वाढलेला वेग. नंतर बोर्ड आडवा धरून, सुतार फळीचा बाक पाहतो तसा, एक डोळा मिटून शेपटीकडून तळ पाहावा. नाकाकडे वर गेलेल्या या बाकाला ‘रॉकर’ म्हणतात. सपाट जमिनीवर मधला भाग टेकवला असता नाक चार-साडेचार इंच वर असावे. त्याहून जास्त असेल तर बोर्ड पाणी पुढे ढकलत चालतो, फारच कमी असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात खुपसते. मधल्या दोन फुटांत तर तळ जवळजवळ सपाटच हवा. शेपूट गोलसर असलेली बरी, चुका सहज पोटात घालते.

खालच्या परांचा, म्हणजे फिनांचा, इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये हवाई बेटांवर बोर्डाखाली पहिला पर बसवला, तोपर्यंत बोर्ड पाय पाण्यात घालून वळवावा लागे. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी १९८० मध्ये तीन परांची रचना सिद्ध केली आणि पुढल्या वर्षी बेल्स बीचची स्पर्धा जिंकून ती जगभर रुजवली. सातफुटी बोर्डासाठी मधला पर मोठा आणि बाजूचे दोन छोटे ही मांडणी सोयीची, कारण बाजूचे काढून टाकले की तोच बोर्ड सरळ, संथ चालतो, आणि ते बसवले की वळणाला पकड येते. एका बोर्डात दोन स्वभाव मिळतात, आणि एकाच्या पैशांत तेवढे मिळणे वाईट नाही.

गाभ्याचा फोम दोन प्रकारचा असतो. पॉलियुरेथेनचा गाभा आणि पॉलिएस्टर राळ ही जुनी जोडी थोडी जड, पण पाण्यावरचा कंप शोषून घेणारी. पॉलिस्टायरीनचा गाभा आणि इपॉक्सी राळ ही जोडी हलकी आणि ठोके सोसणारी, मात्र तिला तडा गेला की आतला गाभा पाणी पितो आणि उन्हात बंद गाडीत ठेवली की आतली हवा फुगून आवरण सुटू लागते. वापरलेला बोर्ड घेताना परांच्या खाचांभोवतीचे केसासारखे तडे नखाने चाचपावेत, पाठीवर तळहात टेकवून दाबावे, आणि कोठे पापडासारखे आवरण हलले तर तो तेथेच ठेवून यावे. टाचांनी पडलेले उथळ खळगे चालतात.

इंद्रलोकच्या घराची मापेही या हिशेबात धरली पाहिजेत. सात फूट उंचीच्या लिफ्टमध्ये साडेसात फुटी बोर्ड कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका धरून बसतो. नऊ फुटी जिन्यानेच वर न्यावा लागतो आणि वळणावर त्याचे नाक भिंतीला लागते. रेल्वेच्या शयनयानातील बाक साधारण सहा फुटांचा असल्याने ७ फुटी, म्हणजे २१३ सेंटिमीटरचा बोर्ड पेडण्यापर्यंत कोठे ठेवायचा, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवलेले बरे. जून ते सप्टेंबर तो घरातच राहणार. पश्चिमेच्या बाल्कनीत उन्हाची तिरीप येईल तेथे उभा करण्यापेक्षा पलंगाखाली, पर काढून, जुन्या चादरीत गुंडाळून आडवा ठेवावा, आणि त्याआधी पाठीवरचे मेण खरवडून काढावे, नाहीतर ऑक्टोबरमध्ये मेणाबरोबर चादरही खरवडावी लागते.