फिल्मवरच्या काळ्या-पांढऱ्या गाद्या

केम म्हणजे कुंकवाचं गाव. इथं कुंकवाची पोती उचलणारे, माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कंबर धरून आडवे झाले. रेल्वेनं सोलापूरला नेऊन एम.आर.आय. काढला. दुसऱ्या दिवशी पोरगं फिल्म घेऊन शाळेत! "बाई, गादी सरकलीय म्हणे. आता पप्पांचं ऑपरेशन करणार?"

मला तरी काय कळणार? संध्याकाळी आम्ही दोघं गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती फिल्म वाचायला शिकवली.

एक्स-रेत हाड पांढरं दिसतं. इथं मात्र हाडाचं कडक कवच काळं! कारण हे यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक. नेहमीचं १.५ टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरदार असतं. (म्हणून खिशात नाणं, किल्लीसुद्धा चालत नाही. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं नळकांडं आत नेल्यामुळे एकाचा जीव गेला.) शरीरातल्या पाण्यात नि चरबीत हायड्रोजन असतो, त्याचे संदेश पकडून चित्र तयार होतं. ही युक्ती शोधणाऱ्या लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

'टी-२' नावाच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. दोन मणक्यांमधली ताजी गादी आतून पांढरी, सुकलेली काळी. म्हणजे काळं ते वाईट? छे! गुडघ्यातली गादी निरोगी असली की काळीच दिसते. तिच्यात कडेपर्यंत गेलेली पांढरी रेघ दिसली, तर ती फाटल्याची शंका येते. आडव्या कापाच्या चित्रात तर पेशंटची डावी बाजू आपल्या उजवीकडे! हे सगळं डोळ्यांत बसायला एम.बी.बी.एस.नंतर आणखी तीन वर्षं शिकावं लागतं, बरं का.

"पण गादी सरकलीय ना?" पोरानं पुन्हा विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "१९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एम.आर.आय. तपासले. निम्म्याहून जास्त लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली!" मग त्यांनी वडिलांना बोलावून झोपवलं, पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्यातली ताकद तपासली, लघवीला काही त्रास होतो का तेही विचारलं. सगळं ठीक होतं. ऑपरेशन नको, गोळ्या, व्यायाम आणि तूर्त पोती बंद.

पोती बंद म्हणजे मजुरी बंद, ही काळजी होतीच. पण पोरगं फिल्म उजेडाला धरून मोजत होतं, "पप्पा, खालची एकच काळी आहे. वरच्या चार पांढऱ्या!"