आरोग्यसेवेतील आधारसामग्री-विश्लेषण

आरोग्यसेवेतील आधारसामग्री-विश्लेषण : आजार, तपासण्या, औषधोपचार, रुग्णालयातील वास्तव्य, जन्म व मृत्यू यांविषयीच्या नोंदी एकत्र करून व त्यांची पद्धतशीर तुलना करून रोगांची कारणे, उपचारांची परिणामकारकता आणि सेवेची गरज यांविषयी अनुमाने काढण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. आधारसामग्रीस अलीकडे ‘विदा’ किंवा ‘डेटा’ असेही म्हणतात. वैद्याला समोरचा रुग्ण दिसतो. हजारो रुग्णांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर जी प्रमाणे दिसतात, ती त्याला एकेका रुग्णावरून दिसू शकत नाहीत. ही उणीव भरून काढणे हे या विश्लेषणाचे प्रयोजन होय. संगणकामुळे त्याचा वेग व व्याप्ती अतिशय वाढली आहे. तथापि नोंद कोणाची झाली, कशाची झाली आणि तिची तुलना कशाशी केली, यांवरच त्याची विश्वसनीयता अवलंबून असते.

इतिहास : लंडनमधील मृत्युपत्रकांचा अभ्यास करून जॉन ग्राँट (१६२०–७४) यांनी १६६२ मध्ये मृत्यूंच्या प्रमाणातील नियमितता दाखवून दिली. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार (१८०७–८३) यांनी इंग्‍लंड व वेल्सच्या नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण केले. पुढे १८९३ मध्ये मांडण्यात आलेल्या मृत्युकारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण विकसित झाले. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक दगावले, ही गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी आकृत्यांच्या साहाय्याने १८५८ मध्ये स्पष्ट केली.

तुलनेचे महत्त्व दाखवणारे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे जॉन स्‍नो (१८१३–५८) यांनी लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीचा केलेला अभ्यास होय. दक्षिण लंडनच्या अनेक रस्त्यांवर दोन कंपन्यांचे नळ शेजारशेजारच्या घरांना पाणी पुरवीत. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगास हलविले होते. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणीच घेत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३, तर लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू झाले. म्हणजे दर दहा हजार घरांमागे हे प्रमाण अनुक्रमे ३१५ व ३७ पडले. नुसत्या मृत्यूंच्या संख्येवरून हा निष्कर्ष निघाला नसता; प्रत्येक कंपनीकडे घरे किती, हे ठाऊक असल्यामुळेच तो निघाला. पटकीचा जंतू सर्वमान्य होण्यापूर्वीच पाण्याचा दोष अशा रीतीने सिद्ध झाला.

विसाव्या शतकात एकाच समूहावर दीर्घकाळ लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध प्रस्थापित होण्यास त्याने मोठा हातभार लावला. त्यावरून व्यक्तीचा धोका वर्तविण्याची सूत्रे तयार झाली. तो समूह बहुतांशी श्वेतवर्णीय होता. त्यामुळे अन्य लोकसमूहांसाठी ही सूत्रे दुरुस्त करून घ्यावी लागतात.

आधुनिक पद्धती : रुग्णालयांतील नोंदी संगणकीय झाल्यावर प्रयोगशाळेतील निष्कर्ष, क्ष-किरण चित्रे, औषधचिठ्ठ्या व विम्याचे दावे यांची सांगड घालणे शक्य झाले. या नोंदींचा उपयोग मुख्यतः चार प्रकारे होतो : काय घडले याचे वर्णन करणे, ते का घडले याचा शोध घेणे, पुढे काय घडण्याचा संभव आहे हे वर्तविणे आणि काय करावे हे सुचविणे. यंत्रशिक्षणाच्या पद्धतीत नियम आधी सांगितलेले नसतात. तज्ञांनी निदान केलेल्या असंख्य उदाहरणांवरून संगणक ते स्वतः शोधतो. मधुमेहामुळे दृष्टिपटलात होणारा विकार ओळखण्यासाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिका व भारत येथील सु. १,२८,००० नेत्रप्रतिमा अशा रीतीने वापरल्या होत्या.

वर्तविलेल्या निष्कर्षाचा अर्थ लावताना रोगाचे मूळ प्रमाण ध्यानात घ्यावे लागते. समजा, एखादा रोग हजारांत एकाला आहे आणि एक चाचणी शंभर रोग्यांपैकी ९९ जणांना ओळखते, पण शंभर निरोग्यांपैकी पाच जणांनाही चुकून रोगी ठरविते. एक लाख लोकांची तपासणी केल्यास १०० रोग्यांपैकी ९९ सापडतील. पण ९९,९०० निरोग्यांपैकी ४,९९५ जणही रोगी ठरतील. म्हणजे रोगी ठरलेल्या शंभर जणांत खरे रोगी केवळ दोनच असतील. चाचणी वरवर अचूक असूनही असे होते; म्हणून तिच्या निष्कर्षानंतर निदानाची पुन्हा खात्री करणे अपरिहार्य ठरते.

भारतातील कार्य : भारतात जन्म-मृत्यूची नोंदणी १९६९ च्या अधिनियमाने सक्तीची झाली, परंतु घरी होणारे अनेक मृत्यू दीर्घकाळ नोंदीबाहेर राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६४-६५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व १९६९-७० पासून देशभर नमुना नोंदणी पद्धती सुरू झाली. तीत निवडलेल्या गावी स्थानिक गणक घटना घडेल तशी नोंदतो. दर सहा महिन्यांनी दुसरा कर्मचारी स्वतंत्र पाहणी करतो आणि दोन्ही याद्या ताडून पाहतात. एकाकडून सुटलेली घटना दुसऱ्याच्या यादीत सापडते. या पद्धतीच्या आधारे कुटुंबीयांना विचारून मृत्यूची कारणे ठरविण्याचा व्यापक अभ्यास झाला. हिवतापाने भारतात दरवर्षी सु. २,०५,००० मृत्यू होतात, असा त्यावरून २०१० मध्ये निघालेला अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या सु. १५,००० या अंदाजाच्या कितीतरी पट होता. तो वादग्रस्त ठरला. परंतु रुग्णालयात न पोचलेल्या मृत्यूंची मोजणी किती अनिश्चित असते, हे त्यामुळे उघड झाले.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत प्रत्येक जन्माची व बालमृत्यूची नोंद ठेवली आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. पहिल्या गटात गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युप्रमाण हजार जन्मांमागे ६२ वरून २५·५ पर्यंत उतरले; तुलनेच्या गावांत ते सु. ६० च्या आसपास राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत सुरू झाला. येथे गणनेची साधने साधी होती. प्रत्येक अर्भकाची नोंद होणे हेच निर्णायक ठरले.

मर्यादा व दोष : जे मोजावयाचे ते मोजता येत नसल्यास त्याच्या जागी सोयीची दुसरी राशी घेतली जाते व त्यातून अभिनती निर्माण होते. अधिक काळजीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी अमेरिकेत वापरात असलेल्या एका गणनपद्धतीत आजाराऐवजी उपचारांचा खर्च हे माप घेतले होते. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असल्याने ते प्रत्यक्षापेक्षा निरोगी ठरत. हा दोष काढल्यास जादा साहाय्यासाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७·७ वरून ४६·५ टक्के होईल, असे २०१९ मधील संशोधनात आढळले. गणितात चूक नव्हती. गरजेचे माप चुकीचे होते. तसेच महाजालावरील शोधांवरून फ्ल्यूच्या साथीचा अंदाज बांधणारी, २००८ मध्ये सुरू झालेली एक योजना २०१२-१३ च्या हंगामात प्रत्यक्षाहून फार मोठे आकडे देऊ लागली. सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे, याचे हे उदाहरण होय.

गोपनीयता : नाव वगळल्याने व्यक्ती अनोळखी होतेच असे नाही. जन्मतारीख, लिंग व टपाल-विभाग यांची मतदारयादीशी सांगड घालून मॅसॅचूसेट्सच्या राज्यपालांच्या वैद्यकीय नोंदी ओळखता येतात, हे लतान्या स्वीनी यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. नागरिकांच्या आरोग्य-नोंदी संगणकाद्वारे जोडणारे आयुष्मान भारत डिजिटल अभियान २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. नोंदीचा उपयोग कशासाठी होणार हे रुग्णाला समजणे व त्याची संमती घेणे हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय. विश्वास नसल्यास रुग्ण माहिती दडवितो व नोंदच सदोष होते.

आधारसामग्री-विश्लेषण वैद्याच्या निर्णयाची जागा घेत नाही; ते त्याच्या दृष्टीची कक्षा वाढविते. ज्यांची नोंद होत नाही, त्यांचे दुःख कोणत्याही गणनेत दिसत नाही व सेवाही त्यांच्यापर्यंत उशिरा पोचते. त्यामुळे संगणकाच्या क्षमतेइतकीच गावपातळीवरील नोंदवहीची पूर्णता व अचूकता यांची जोपासना करणे आवश्यक असते.