डोंबिवलीचा उन्हाळा कोणी मोजावा?

वैशाखात सकाळी सातच्या गाडीने डोंबिवलीहून मुंबईस जाणारा कारकून वर्तमानपत्रात सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा वाचतो आणि मनाशी हसतो. ३४ अंशांचा तो आकडा त्याचा नव्हेच. तो समुद्रकाठच्या लोकांचा. मुंबईस दुपारी खारा वारा सुटतो व पारा खाली येतो. तोच वारा पारसिकचा डोंगर व खाडी ओलांडून कल्याणास पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्यातील गारवा वाटेतच सरलेला असतो. ज्या दिवशी देशावरून पूर्वेचा वारा जोराने सह्याद्री उतरतो, त्या दिवशी उतरताना तो अधिकच तापतो व समुद्राच्या वाऱ्यास अडवून धरतो. अशा दिवशी मुंबई आणि कल्याण या दोन निराळ्या हवेच्या नगरी होत.

आमचे विदर्भातील स्नेही यावर म्हणतील की, चंद्रपुरास ४५ अंश सोसणाऱ्यांपुढे ३९ अंशांचे रडगाणे कशाला? त्यांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. तेथील हवा कोरडी, म्हणून घाम वाळतो आणि अंग निवते. खाडीकाठी हवाच ओलीचिंब असल्याने घाम नुसता ओघळतो. शरीराचा ताप शरीरातच राहतो. हवामान खाते किनाऱ्यावरील ठाण्यांसाठी ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते (नेहमीपेक्षा साडेचार अंश अधिक असल्यास), आणि मैदानी मुलुखात ४० पासून, ते याच कारणाने.

यात हसण्यासारखे काही नाही हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरास कळून चुकले. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभास लाखो माणसे उघड्या मैदानावर बसली होती. छाया व्यासपीठावर, ऊन मैदानावर, अशी ती वाटणी! उष्माघाताने १४ जीव गेले. (याच तारखेस, १८५३ साली, दुपारी साडेतीन वाजून गेल्यावर, पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास निघाली होती, त्या दिवसाचा सोहळा आम्ही अजून सांगतो, हा दिवस मात्र विसरावयास लागलो आहो.) त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर सभा-समारंभ घेऊ नयेत, असे सरकारने जाहीर केले. परंतु नाक्यावर काम शोधीत उभा असलेला बिगारी कोणत्या समारंभात मोडतो? रस्ता खोदणाऱ्यांस, हातगाडीवाल्यांस दुपारची सुट्टी कोणी जाहीर करावयाची?

वादळाची गोष्ट तशीच. १३ मे २०२४ रोजी दुपारी आभाळ अंधारून आले आणि मुंबई-ठाण्यावर धुळीचे लोट उठले. तापलेल्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब वाटेतच विरतात, त्यामुळे हवा एकदम गार व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. धूळ उठते ती या लोटाने. ठाणे व मुलुंडच्या दरम्यान रेल्वेचा विजेचा खांब वाकला, गाड्या अडकल्या आणि चाकरमान्यांनी रुळांवरून वाट काढली. घाटकोपरास १२० फूट लांब-रुंद फलक पेट्रोलपंपावर पडून १७ माणसे मेली. ४० फुटांच्या जागी १२० फूट उभे राहते, तेथे वाऱ्यास दोष काय द्यावा? आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशफलक उभारू नये, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ सांगतोच. मुंबईचा कायदा वेगळा, पण तेथेही वाद परवानगीचाच पडला: जमीन रेल्वे पोलिसांची, म्हणून विचारावयाचे कोणास? कायद्याचे पुस्तक उघडून अशा वादात रमणारांपैकी आम्हीही आहो. परंतु वारा अधिकारक्षेत्र पाहून वाहत नाही. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच २ ऑगस्ट २०२४ रोजी कल्याणच्या सहजानंद चौकात फलक कोसळून माणसे जखमी झाली.

व्यापाऱ्यांनी तर आपले पंचांगच पुन्हा मांडावे. मुंबईस मोसमी पाऊस नेमाने ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला! ज्याने पेंढा, कच्च्या विटा वा सुकी मासळी मृगाच्या भरवशावर उघड्यावर ठेवली, त्याचे भांडवल भिजले. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याची तर मजुरीच वाहून गेली.

आमची मागणी थोडकी आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कल्याण, डोंबिवली, बदलापूर येथील पारा, आर्द्रता आणि वारा यांचे आकडे रोज सकाळी व दुपारी स्थानकांवर मोठ्या अक्षरांत लावावे. यात मुंबईचेही हित आहे. कारण वळवाचे ढग पुष्कळदा घाटाकडूनच येतात, आणि बदलापुरास आधी दिसलेले वादळ मुंबईस मागाहून गाठते. आणि फलक मोजावयास पालिकेचा माणूस पाठविणे झाल्यास तो मार्गशीर्षात पाठवावा. वैशाखात त्यास वर चढविणे हेही आम्हांस मान्य नाही.