जनुकाची सनद आणि जनुकाचा अंमल
(माळव्याचा गहू : लेखांक पाचवा)

उज्जयिनीच्या चिमणगंज मंडीत लोकवन आणि कठिया यांचे ढीग शेजारी शेजारी पडलेले असतात. पहिल्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २१ जोड्या आणि दुसऱ्याच्या पेशीत १४, हा भेद तोलाईच्या काट्यावर उमटत नाही. दोन्ही गहू स्वपरागित असल्यामुळे एकदा शुद्ध झालेले वाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते, आणि म्हणूनच माळव्यातील शेतकरी घरच्या कोठीतले बियाणे निःशंकपणे पेरू शकतो. बाहेरून जनुक घातलेल्या गव्हाविषयी अशी निःशंकता बाळगता येईल काय, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय होय. असा गहू पेरण्यास भारतात परवानगी नाही. अर्जेंटिनाने मात्र सूर्यफुलाचे जनुक घातलेल्या ‘एचबी४’ या अवर्षणसहिष्णु गव्हास २०२० साली सशर्त मान्यता दिली.

इंद्र वसिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली फ्लोरिडात तणनाशक सोसणारे जनुक धातूच्या सूक्ष्म कणांवर लेपून गव्हाच्या पेशींत डागले, आणि त्यांपासून फलधारणा करणारी रोपे वाढविली. असे जनुक एकाच ठिकाणी बसले असेल, तर स्वपरागातून आलेल्या दर चार रोपांपैकी सरासरी तिघांत ते उतरते आणि त्या तिघांपैकी एकाची संतती त्या गुणापुरती पुढे एकजिनसी राहते. येथवर मेंडेलचा नियम निरपवाद चालतो. परीक्षा सोपी असते : पानाच्या एका भागाला तणनाशक चोपडायचे आणि काही दिवसांनी तो भाग हिरवा आहे की करपला, हे पाहायचे. परंतु कधी कधी डीएनएची तपासणी जनुक जागेवर असल्याचा निर्वाळा देते आणि पान मात्र करपलेले आढळते. सनद दफ्तरात शाबूत असावी आणि परगण्यातून अंमल उठलेला असावा, तशी ही अवस्था असते.

अंमल दोन प्रकारे उठतो. डागलेल्या जनुकाच्या अनेक प्रती, काही मोडक्या, काही उलट्या, एकाच जागी बसल्या, तर त्यांच्यापासून दुपदरी आरएनए निर्माण होण्याचा संभव असतो. पेशी त्यास विषाणू समजून त्याचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या साह्याने जनुकाचा प्रत्येक निरोप नष्ट करते. दुसऱ्या प्रकारात जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागावर मिथिल गट चिकटतात आणि वाचनच थांबते. पहिला बंदोबस्त पुष्कळदा नव्या पिढीत नव्याने सुरू व्हावा लागतो. दुसरा बियाण्याबरोबर वारसा म्हणून जाऊ शकतो. गव्हात ही दक्षता स्वाभाविक आहे, कारण लोकवनासारख्या गव्हाच्या सुमारे १,७०० कोटी अक्षरांपैकी शेकडा ८० हून अधिक भाग पुनरावृत्तीचा असून त्यातील चंचल घटकांना पेशी सतत याच उपायांनी दाबून ठेवीत असते.

यास्तव एकच अखंड प्रत असलेले रोप निवडणे, आणि जनुकाच्या अस्तित्वाबरोबरच त्याचे कार्यही अनेक पिढ्या, निरनिराळ्या हवामानांत तपासणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते. जेथे शेतकरी स्वतःच बियाणे राखतो, तेथे पहिल्या पिढीचा दाखला पुरेसा मानता येणार नाही. असे जनुक परागाबरोबर शेजारच्या शेतात किती जाते, हे पुढील लेखांकी पाहू.