नवीन कार्यप्रणाली टाकल्यानंतर संगणक सुरू होताना बंद पडणे : कारणे, निदान आणि माहितीचे रक्षण

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कोणत्याही विभागात आज संगणकाशिवाय काम होत नाही. हजेरीपत्रके, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, नॅकसाठी जमविलेली कागदपत्रे, संशोधनाची टिपणे हे सर्व एकाच यंत्रात साठविलेले असते. विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदविलेली यंत्रे तेवढी त्यास अपवाद होत. त्यामुळे जुन्याच संगणकांवर नवीन कार्यप्रणाली टाकण्याची गरज अनेक विभागांपुढे उभी राहिली आहे. हे काम पूर्ण झाल्यावर पुष्कळदा असा अनुभव येतो, की संगणक सुरू होतो, चिन्ह दिसते, निळा पडदा क्षणभर चमकतो आणि सर्व क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. यावर आपल्याकडील रूढ उपाय म्हणजे 'फॉरमॅट मारणे'. हा उपाय बहुतेक वेळा अनाठायी असतो. संगणक सुरू होण्याच्या क्रमात नेमका कोठे अडला, हे पाहिले तर दोषाचे मूळ सापडते आणि माहितीही वाचते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. लेखक संगणकशास्त्राचा नाही, वाणिज्य शाखेचा आहे. त्यामुळे विवेचन त्याच मर्यादेत केले आहे.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.चा विषय घोडेगाव येथील कांदा बाजारातील विक्रीव्यवस्था हा होता. २०१९ च्या अखेरीस, विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपणार म्हणून, विभागातील संगणकावर विंडोज १० टाकण्यात आली. चार दिवस सर्व सुरळीत चालले. एका रात्री बराच काळ वीज नव्हती. सकाळी संगणक सुरू केला असता निळा पडदा आला. बोलाविलेल्या तंत्रज्ञाने पाहिले, "हार्ड डिस्क गेली, सर" असे सांगितले आणि आमच्या संमतीनेच ती फॉरमॅट केली. गंमत अशी, की 'गेलेल्या' त्याच हार्ड डिस्कवर कार्यप्रणाली पुन्हा टाकताच ती उत्तम चालू लागली! त्या वेळी याचे नवल कोणासही वाटले नाही.

काही आठवड्यांनी, सुटीनंतर, तेच पुन्हा घडले. या वेळी संगणकशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी पडद्यावरील तारखेकडे बोट दाखविले. ती कित्येक वर्षे मागे गेली होती. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल, ज्यास सीआर २०३२ म्हणतात, संपला होता. वीज पूर्णपणे गेली की बायोसमधील सर्व नोंदी पुसल्या जात व यंत्र मूळच्या नोंदींवर परतत असे. त्या मूळ नोंदींत हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत 'आयडीई' होती. कार्यप्रणाली टाकताना मात्र ती 'एएचसीआय' होती. पद्धत बदलल्यामुळे कार्यप्रणालीला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हे शब्द होते व त्यांचा अर्थ अक्षरशः एवढाच होता. नोंद बदलली, सेल बदलला. दहा मिनिटांत काम झाले.

पहिल्या वेळी जे गेले ते मात्र गेलेच. प्रश्नावल्या कागदावर होत्या, म्हणून तक्ते पुन्हा भरता आले. लिलावाच्या ओट्यावर बसून घेतलेल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे परत मिळाली नाहीत. त्यांतील एक वृद्ध शेतकरी आता हयात नाहीत.

संगणक सुरू होण्याचा क्रम :

कळ दाबल्यावर प्रथम बायोस, किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय, हा मदरबोर्डवरील कार्यक्रम स्मृती, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो. नंतर तो डिस्कवरील बूट लोडर शोधतो. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो. गाभा आवश्यक ड्रायव्हर सुरू करतो. शेवटी प्रवेशाचा पडदा येतो व त्यानंतर आपण बसविलेले इतर कार्यक्रम चालू होतात. ही एक साखळी आहे. कोणती कडी तुटली, हे संगणक कोठे थांबला यावरून समजते.

कार्यप्रणालीचे चिन्ह दिसण्यापूर्वीच 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला, तर कार्यप्रणाली खराब झाली असे समजण्याचे कारण नाही. पेनड्राइव्ह तसाच लावलेला राहिला असेल, बूटचा क्रम बदलला असेल किंवा स्थापना एका पद्धतीने होऊन यंत्र दुसऱ्या पद्धतीने डिस्क वाचत असेल. डिस्कची रचना जुन्या एमबीआर प्रकारची आहे की जीपीटी प्रकारची, आणि बायोसमध्ये 'लेगसी' निवडले आहे की 'यूईएफआय', यांची जोडी जुळावी लागते. विंडोज ११ साठी यूईएफआय व टीपीएम २.० यांची अट आहे. ही अट चुकवून तयार केलेले पेनड्राइव्ह सर्रास वापरले जातात. अट चुकविता येते, प्रोसेसर मात्र बदलत नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' ही आज्ञा असणे अनिवार्य आहे. प्रयोगशाळांत अद्याप तग धरून असलेल्या कोअर टू ड्युओ यंत्रांत ती नाही. अशा यंत्रावर ती आवृत्ती सुरूच होऊ शकत नाही, मग कितीही वेळा फॉरमॅट करा. तेथे सी-डॅकने विकसित केलेली, मराठीची सोय असलेली बॉस लिनक्स किंवा अन्य हलकी लिनक्स प्रणाली हा व्यवहार्य मार्ग आहे.

चिन्ह दिसल्यानंतर, परंतु प्रवेशाच्या पडद्यापूर्वी संगणक कोसळत असेल, तर संशय प्रामुख्याने ड्रायव्हर, डिस्क किंवा स्मृती यांच्यावर घ्यावा. येथे निळ्या पडद्यावरील शब्द वाचणे महत्त्वाचे ठरते. अडचण एवढीच, की ते वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होतो. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न सलग दोन-तीन वेळा फसल्यास दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातील 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या मार्गाने गेल्यास ९ क्रमांकाने स्वयंचलित पुनरारंभ थांबतो व ४ क्रमांकाने सेफ मोड मिळतो. शब्द दिसताच मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. सेफ मोडमध्ये यंत्र व्यवस्थित चालले, तर डिस्क व स्मृती बहुधा ठीक असून दोष नंतर बसविलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे, असा तर्क करता येतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द वारंवार आल्यास स्मृतीची तपासणी करावी. रॅमची पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू खोडरबराने पुसण्याची आपल्याकडील प्रथा अगदीच निराधार नाही. धूळ व गंज यांमुळे संपर्क तुटतो आणि पुसल्याने तो पूर्ववत होतो. मात्र दर महिन्याला पुसावे लागत असेल, तर पट्टी बदललेली बरी.

मराठीच्या प्राध्यापकांसाठी एक बाब येथे नमूद करावीशी वाटते. अक्षरजुळणीच्या काही जुन्या सॉफ्टवेअरसोबत मिळणारे 'लॉक' चालविण्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लागत असे. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात उपलब्ध असून ३२ बिट ड्रायव्हर तिच्यात चालत नाहीत. असे सॉफ्टवेअर जबरदस्तीने बसविण्याच्या प्रयत्नात संगणक अडकू शकतो. जुन्या फॉन्टमधील प्रबंध युनिकोडमध्ये आणण्याचे काम कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी, जुन्या यंत्रावरच उरकावे.

प्रवेशानंतर संगणक गोठत असल्यास कारण बहुतांशी सौम्य असते : एकाच वेळी चालणारे दोन अँटीव्हायरस, प्रिंटरचा जुना कार्यक्रम वगैरे.

एक जागतिक उदाहरण :

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. येथे नवीन कार्यप्रणालीचा संबंध नव्हता. तुटलेली कडी मात्र हीच, म्हणजे सुरुवातीलाच चालू होणारा ड्रायव्हर. कंपनीने सांगितलेला उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक विशिष्ट फाइल पुसण्याचा होता. ज्या संस्थांच्या डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध होत्या, त्यांना प्रत्येक यंत्रावर ४८ अंकी किल्ली टंकित करावी लागली. दुरुस्ती सोपी होती. किल्ली शोधण्यातच वेळ गेला.

माहितीचे रक्षण :

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ त्यातील माहिती नष्ट झाली असा होत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून विभागाच्या फाइल बाहेर काढता येतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडूनही ते साधते. जुन्या प्रणालीवरच नवीन प्रणाली फॉरमॅट न करता टाकली असेल, तर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये आधीचे दस्तऐवज सापडतात. श्रेणीवाढ केलेल्या यंत्रावर हे फोल्डर साधारणतः १० दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून विलंब करू नये.

याच संदर्भात अलीकडे एक नवा धोका निर्माण झाला आहे. २४एच२ आवृत्ती योग्य यंत्रावर नव्याने स्थापून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जमा होते. घाईच्या वेळी तंत्रज्ञ सोयीसाठी स्वतःचेच खाते वापरतात. म्हणजे विभागाच्या माहितीची किल्ली तंत्रज्ञाकडे राहते, आणि विभागाला त्याचा पत्ताही नसतो. स्थापना महाविद्यालयाच्या अधिकृत खात्यानेच करून घ्यावी व ४८ अंकी किल्ली छापून विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवावी.

स्थापना सुरू असताना वीज जाऊ नये यासाठी यंत्र यूपीएसवर असणे आवश्यक आहे. आमच्या भागात हे सांगण्याची वेळ वारंवार येते. आमच्या विभागात आता प्रत्येक संगणकाच्या आतील बाजूस एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर डिस्कची पद्धत, बूटचा प्रकार आणि सेल बदलल्याची तारीख लिहिलेली असते.